नाताळच्या सुट्टीत वाईत पळायचंय? मधली आळी ते मेणवली आणि परत, सगळं नीट सांगते

माझं आजोळ वाई. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळी मामे-मावस भावंडं तिथे जमतो आणि २५ तारखेला सकाळी मी मेणवलीपर्यंत पळत जाते, तिथल्या घाटावरची घंटा बघते आणि पळत परत येते. ही घंटा पोर्तुगीजांची आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली एक पुढे नाना फडणवीसांच्या मेणवलीत आली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि ती टांगलेली आहे मेणवलेश्वर महादेवाच्या देवळाशेजारी. नाताळच्या सकाळी थंडीत धापा टाकत तिच्यासमोर उभं राहायला मला फार आवडतं, म्हणून माझा रूट कधी बदलत नाही.

यंदा दोन मावसबहिणी आणि ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली आम्हालाही यायचंय, काय तयारी करू, काय घालू, कधी निघू. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. तुमचं गाव वाई नसून कराड असेल, भोर असेल किंवा वेंगुर्ला असेल तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं चालेल.

आधी अंतराचं. वाई ते मेणवली साधारण ३ किलोमीटर. गावातल्या आळ्या, घाट वगैरे धरून माझं जाऊन-येऊन ७-८ किलोमीटर होतं. तुम्ही सलग ५ किलोमीटर पळू शकत असाल तर हे आरामात जमेल. अजिबात सवय नसेल तर निदान चार आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळा २ मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. दुसऱ्यात २ मिनिटं पळा २ चाला. तिसऱ्यात ४ पळा १ चाला. चौथ्यात ८ पळा १ चाला. आणि २५ तारखेलाही हाच ८-१चा हिशोब ठेवा, मध्ये चाललं म्हणून काही बिघडत नाही. पन्नाशीच्या पुढचे, बीपी किंवा हार्टचा त्रास असलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम कडाक्याच्या थंडीत पळायला उतरू नका, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. दमा असेल त्यांनी पंप खिशात ठेवायचाच, गार कोरडी हवा तोंडाने आत गेली की छाती आवळते.

आदल्या दिवशी

रस्ता एकदा बघून या. पळत नाही, मामाची स्कूटर घ्या किंवा संध्याकाळी चालत जा. तीन गोष्टी बघायच्या: कुठे रस्ता उखडलाय, कुठे दिवे संपतात आणि कुत्री कुठे बसतात. गावातली कुत्री आपापल्या जागेची पक्की असतात, संध्याकाळी ज्या कोपऱ्यावर चार दिसली तिथेच सकाळी चार असणार. एवढं माहीत असलं की सकाळी दचकायला होत नाही.

जेवणाचं सांगते कारण इथेच सगळे फसतात. सुट्टीत सगळी एकत्र जमली की रात्री अकरा वाजता जेवणं होतात, त्यात हुरडा नाहीतर मटण, वर बासुंदी, आणि सकाळी पोट जड. जमल्यास साडेआठपर्यंत जेवून घ्या, भाकरी-भाजी-भात काहीही खा, फक्त नेहमीपेक्षा जरा कमी. त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार आला आणि तुमचा उपास असेल तर मेणवलीपर्यंत पळू नका, घाटावर फिरून या. उपाशीपोटी, थंडीत, तासभर पळून चक्कर आलेली मुलगी मी बघितली आहे, माझीच मावसबहीण ती.

कपडे, शूज, मोबाईल, घराची किल्ली असं सगळं एका खुर्चीवर काढून ठेवा. आजोळच्या घरात एका खोलीत सात जण झोपलेले असतात, पहाटे बॅगेची चेन ओढत बसलात तर सगळं घर उठतं.

किती वाजता निघायचं

डिसेंबरच्या शेवटी वाईत सूर्य साधारण सातच्या सुमाराला उगवतो, पण त्याआधी वीसेक मिनिटं नीट दिसेल इतकं उजाडलेलं असतं. मी पावणेसातला घर सोडते. पाच-साडेपाचला निघायचा मोह होतो पण निघू नका. मेणवलीच्या रस्त्यावर तेव्हा अंधार असतो आणि ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, त्यातल्या काहींना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसतो आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. आणि बायकांसाठी सांगते, एकटीने अंधारात गावाबाहेर जायची काही गरज नाही, उजाडल्यावर तोच रस्ता किती तरी छान असतो.

उशीरही करू नका. नाताळ ते १ जानेवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईतूनच पसरणी घाटाला लागतात. नऊ वाजले की गावातून नुसती रांग असते. त्यामुळे कितीही मन झालं तरी त्या आठवड्यात पसरणी घाटाच्या रस्त्यावर पळू नका. वळणं, चढ, सुट्टीच्या मूडमधले ड्रायव्हर आणि कडेला पळायला जागा नाही. एरवी एखाद्या मंगळवारी पहाटे जा, तेव्हा तो घाट सुंदर असतो.

काय घालायचं

वाईत या दिवसांत पहाटे १०-१२ डिग्री असतं, कधी अजून खाली जातं, आणि नदीकाठी जास्तच लागतं कारण रात्री गार हवा जड होऊन डोंगरावरून खाली उतरते आणि कृष्णेच्या खोऱ्यात साचून राहते. दारात उभं राहिलं की वाटतं स्वेटर, शाल, सगळं घालावं. पण पळायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं. तर नियम असा की घरातून निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले.

मी घालते ते: आत पातळ ड्रायफिटचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर पातळ विंडचीटर, जो दुसऱ्या किलोमीटरला कमरेला बांधला जातो, खाली टाईट्स किंवा ट्रॅक पॅन्ट. कॉटनचा टीशर्ट नको, घामाने ओला झाला की अंगाला चिकटतो आणि मेणवलीला थांबलात की हुडहुडी भरते. कानांना मात्र पाहिजेच काहीतरी, साधा स्कार्फ, पट्टी, कानटोपी काहीही चालेल. हाताला टू-व्हीलरवर घालतात ते पातळ ग्लोव्हज पुरतात. रंग भडक असू द्या, लाल, पिवळा, पोपटी. राखाडी टीशर्ट धुक्यात ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही.

शूज नवे घालू नका. सुट्टीसाठी म्हणून घेतलेले कोरे शूज पहिल्यांदा याच दिवशी काढले तर टाचेला फोड येतो आणि पुढचे चार दिवस चपला पण घालवत नाहीत. निदान तीन-चारदा वापरलेले असावेत आणि तळवा झिजलेला नसावा, कारण सकाळी रस्ते सड्याने ओले असतात.

निघण्याआधी

कोमट पाणी एक ग्लास. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पितच नाहीत, पण घाम येतोच आणि श्वासातूनही पाणी जातं. सोबत एखादं केळं किंवा दोन खजूर. चहा हवा असेल तर अर्धा कप. तेवढ्या अंतराला बाटली घेऊन पळायची गरज नाही. खिशात मोबाईल, पन्नासची नोट आणि एक रुमाल, नाक वाहतंच.

मग वॉर्मअप, आणि तो घरातच करा, बाहेर गारठ्यात नाही. हे मी तीन वर्षांपूर्वी शिकले. दारातून निघाले ती तडक पळत सुटले, भाऊ पुढे होता त्याला गाठायचं होतं, आणि घाटाच्या उतरणीवर डाव्या पोटरीत अशी कळ आली की तिथेच पायरीवर बसले. मामा स्कूटर घेऊन आला. पंधरा दिवस पाय टेकवताना दुखत होतं. गार पडलेला स्नायू एकदम ताणला की हेच होतं.

तेव्हापासून मी दहा मिनिटं देते. जागच्या जागी दोन मिनिटं चालायचं, गुडघे हळूहळू वर घेत. घोटे गोल फिरवायचे, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. भिंतीला हात लावून एक पाय पुढे-मागे झुलवायचा, बारा वेळा, मग दुसरा. मग पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधरा वेळा, हे पोटरीसाठी फार महत्त्वाचं. शेवटी खांदे आणि मान. एका जागी ताणून धरायचं स्ट्रेचिंग आत्ता नाही, ते परत आल्यावर.

पहिला किलोमीटर: आळ्या

पहिली पाच मिनिटं चालायचंच, भराभर. नंतर पळायला लागा पण इतकं हळू की तेराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, इथपर्यंत धाप न लागता आलात तर स्पीड बरोबर आहे. मध्येच अडकलात तर कमी करा. घड्याळात बघू नका, चढ-उतार, थांबणं, कुत्री यात त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मधल्या आळीतून निघालं की या वेळी काय काय चालू असतं बघा. बायका अंगण झाडून सडा टाकत असतात, कुठे रांगोळी अर्धी झालेली असते, तर रांगोळीवरून पळायचं नाही, वळसा घालून जायचं. दूधवाला किटल्या लावून, पेपरवाला सायकलवर. परसदारी बंब पेटलेले असतात आणि त्यांचा धूर वर जातच नाही, वरच्या उबदार हवेखाली दबून छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. हा धूर वासाला कितीही बरा वाटला तरी छातीला बरा नाही. त्यामुळे आळ्यांमध्ये हळूच पळा, नाकाने श्वास घ्या, आणि जोर लावायचा तो गाव संपल्यावर, शेतं लागली की.

कोणीतरी विचारणारच, "कुणाकडच्या गं तुम्ही?" थांबा आणि उत्तर द्या. "मधल्या आळीतली भाची" एवढं सांगितलं की पुढच्या चार घरांना तुम्ही कोण ते कळतं, आणि एकटी पळणाऱ्या मुलीला यापेक्षा मोठी सेफ्टी नाही. मला एका आजींनी एकदा थांबवून हातावर तिळाची वडी ठेवली होती, ती मी मेणवलीला जाऊन खाल्ली.

घाट आणि ढोल्या गणपती

वाईत कृष्णेवर आळीगणिक घाट आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. घाटाच्या पायऱ्यांवर पळायचं नाही, कितीही फोटो छान येत असला तरी. दवाने दगड ओला असतो आणि पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ. चालत उतरा, चालत चढा, यातच तुमचा पहिला ब्रेक होतो.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. दर्शन घ्यायचं तर शूज बाहेर काढून, पाय धुवून जा, आणि थंडीत पाय ओले झाले की मोजे घालायच्या आधी रुमालाने बोटांच्या मधलं पाणी नीट टिपा नाहीतर फोड येतात. शॉर्ट्स घातली असेल तर बाहेरूनच नमस्कार करा, सकाळी तिथे म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांना बरं वाटत नाही. पण देवळाच्या मागच्या बाजूला एक फेरी माराच. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती केलीये, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. मी लहानपणापासून बघत आलेय पण त्या दगडाला हात लावून बघायची वेळ पळायला लागल्यावरच आली. सकाळी तो बर्फासारखा गार असतो.

गंगापुरीकडून आलात तर तिथे मराठी विश्वकोशाचं ऑफिस आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले मुख्य संपादक, १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, आणि सगळ्या महाराष्ट्राचं हे काम अशा छोट्या शांत गावात बसून झालं याचा मला खरंच अभिमान वाटतो.

गावाबाहेर, मेणवलीचा रस्ता

रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसते आणि तिला तुम्ही. फक्त उजवीकडे आत वळणारं आंधळं वळण आलं तर थोडं आधीच बघून डाव्या बाजूला जा आणि वळण संपलं की परत उजवीकडे. इअरफोन काढून ठेवा. उसाचा ट्रॅक्टर आला की सरळ रस्ता सोडून मातीत उतरा आणि तो जाईपर्यंत थांबा, ट्रॉली डुलते.

आता कुत्र्यांचं. शेतातल्या घरांची कुत्री धावत येतात, भुंकतात. पळायचं थांबवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पळणाऱ्याच्या मागे लागायचं हा त्यांचा स्वभावच आहे. चालायला लागा, पाठ फिरवू नका, डोळ्याला डोळा देऊन बघू नका, हात खाली, आणि शांत आवाजात काहीतरी बोलत राहा. मी "बस रे बाळा, जातेय मी" असं म्हणत जाते. दगड उचलल्यासारखं नुसतं वाकलं तरी बरीचशी मागे हटतात, पण मारायचा नाही. त्यांची हद्द संपली की ती आपोआप थांबतात, मग अजून पन्नास पावलं चाला आणि पळायला लागा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनला जायचं, हळद-चुना काही लावत बसू नका.

या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि वाईची हळद. डिसेंबरच्या शेवटी हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागलेली असतात, दवाने भिजलेली, आणि ऊन पहिल्यांदा आलं की सगळ्या रानातून वाफ निघते. इथे थोडा जोर लावा, हवा स्वच्छ असते, रस्ता मोकळा असतो. पाढा म्हणता नाही आला तरी चालेल, एक-दोन शब्द बोलता आले म्हणजे झालं. असं दहा मिनिटं, जास्त नाही, परत पण यायचंय.

मेणवली

गावात शिरलं की चालायला लागा. नाना फडणवीसांचा वाडा एवढ्या सकाळी आतून बघायला मिळेल असं धरून जाऊ नका, घाट मात्र मोकळा असतो. विंडचीटर लगेच अंगात घाला, घाट गाठायच्या आधीच. ओल्या अंगाने नदीकाठी थांबलं की सर्दी बाजूला राहू दे, पाय आखडतात आणि परतीचा प्रवास अवघड होतो.

घंटा छोट्याशा दगडी बांधकामात टांगलेली आहे. वाजवू नका, गाव अजून झोपेतून उठतंय. जवळ जाऊन बघा. धातू हिरवट-काळा पडलाय आणि मेरीची आकृती तशी लहान आहे, पटकन दिसत नाही, ऊन तिरपं पडलं की कडा उठून दिसतात. आई आणि कडेवरचं बाळ, बास. मी तिथे पाचेक मिनिटं असते, केळं खाते, खाली नदीवर कोणी धुणं घेऊन आलेलं असतं त्याचा आवाज येत असतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, अंग गार पडतं.

परत येताना

परत येताना वेगाने येऊ नका, जाताना लागला त्यापेक्षा जरा हळूच. निघताना पुन्हा दोन मिनिटं चाला. गुडघ्यात किंवा पोटरीत टोचल्यासारखं दुखलं तर पळणं तिथेच बंद, चालत या, किंवा मामाला फोन करा. थकल्याचं दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, एकाच जागी एकाच पायात दुखतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं लक्षात ठेवा. शेवटची पाच मिनिटं आळीतून चालत.

घरी आल्यावर

आधी ओले कपडे बदला. बोलत बसू नका, फोटो टाकत बसू नका, पाच मिनिटांत कोरडा टीशर्ट, कोरडे मोजे, वर स्वेटर. मग ओट्याच्या कडेला पोटऱ्या ताणा, गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद आणि वाकवून तीस सेकंद, दोन्ही पाय. मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग, कंबर. मग बंबातलं कडकडीत पाणी, ते सुख शहरातल्या गिझरला नाही.

आणि जेवण. हा धनुर्मास असतो, म्हणजे धुंधुरमास. आमच्या आजोळी त्या सकाळी मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत आणि कढी असते. खरं तर सूर्योदयाला नैवेद्य दाखवून लगेच जेवायचं असतं, आजी तसंच करते, माझं ताट मामी झाकून ठेवते. तासभर पळून आल्यावर याहून चांगलं खाणं नाही, भात-डाळीतून ताकद भरून येते, डाळीतून प्रोटीन, बाजरी-तिळाने ऊब आणि मिठाने घामातून गेलेलं परत. आल्या आल्या नुसता चहा-बिस्किटावर भागवू नका, तासाभरात नीट जेवा.

शूज दारात ठेवू नका, दवाने ओले असतात. आतली गादी काढून वेगळी वाळवा, शूजमध्ये कालच्या पेपरचे बोळे कोंबा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ किंवा बंबाजवळ ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो.

२६ तारखेला पळायचं नाही. पाय दुखत असतील तर चालल्याने मोकळे होतात, म्हणून आम्ही सगळे धोमला जातो, धरणाच्या खालचं गाव, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. स्कूटरने जायचं आणि तिथे निवांत फिरायचं. नृसिंहाचं देऊळ आहे, महादेवाचं आहे, आणि महादेवापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय, खाली कमळासारखं कुंड. बरोबर लहान मुलं असतील तर ती तिथून लवकर निघत नाहीत, तेव्हा डब्यात आदल्या दिवशीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा.